मुंबई–कराची हवाई मार्ग

अरबी समुद्राच्या काठावरील दोन प्रमुख बंदरांना जोडणारा, भारतीय उपखंडातील आद्य हवाई मार्गांपैकी एक. भारतीय कंपनीने चालविलेल्या नियमित टपाल विमानसेवेचा प्रारंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी याच मार्गावर झाला. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि कराचीचा जिना आंतरराष्ट्रीय विमानतळ यांमधील पृथ्वीपृष्ठावरील किमान अंतर सु. ८७५ किमी. (सु. ४७० सागरी मैल) आहे. मुंबई–दिल्ली या अंतराहून (सु. १,१४० किमी.) ते बरेच कमी भरते. कराचीहून पाहिले, तर खुद्द पाकिस्तानची राजधानी इस्लामाबाद (सु. १,१२० किमी.) ही मुंबईहून दूर आहे.

नकाशावर या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा कराचीहून आग्नेयीस निघते. सिंधूच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश ओलांडून ती सर खाडी व कोरी खाडी यांच्या परिसरात भारताच्या हद्दीत येते, कच्छचा पश्चिम कोपरा व कच्छच्या आखाताचे मुख पार करते आणि सौराष्ट्राच्या मधून जाऊन ऊना व दीवच्या आसपास पुन्हा समुद्रावर उतरते. तेथून मुंबईपर्यंतचा उरलेला भाग खंबायतच्या आखाताच्या तोंडावरून व खुल्या समुद्रावरून जातो. विमाने प्रत्यक्षात अशी रेषा तंतोतंत पाळत नाहीत. ठरवून दिलेल्या हवाई वाटा, धावपट्टीची दिशा आणि उतरण्याआधी घ्यावे लागणारे वळण यांमुळे कापलेले अंतर गणिती अंतरापेक्षा थोडे अधिक असते.

प्रवासकालाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. जेट विमानाचा समुद्रपर्यटनासारखा स्थिर वेग ताशी ८०० ते ८५० किमी. असला, तरी एवढ्या छोट्या मार्गावर तो वेग थोडाच वेळ टिकतो. बराच काळ वर चढण्यात व खाली येण्यात जातो. म्हणून केवळ भागाकाराने सु. एक तास निघणारा हा प्रवास वेळापत्रकात दीड ते पावणेदोन तासांचा असे. घड्याळाने मोजणाऱ्या प्रवाशाचा आणखी एक घोटाळा होई. पाकिस्तानने १९५१ मध्ये आपल्या पश्चिम भागाची प्रमाणवेळ भारतीय प्रमाणवेळेच्या अर्धा तास मागे नेली. तेव्हापासून मुंबईहून कराचीस जाणाऱ्यास प्रवास अर्ध्या तासाने लहान व परतताना तेवढाच मोठा भासू लागला. मात्र या मार्गाच्या इतिहासात खरा फरक पडला तो वारा, एंजिन किंवा घड्याळ यांमुळे नव्हे. दोन राज्यांमधील करार जितका काळ टिकला, तितकाच काळ हे अंतर ८७५ किमी. राहिले.

विमानयुगापूर्वी मुंबई व कराची ही एकाच प्रांतातील शहरे होती. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला व पुढे तो मुंबई इलाख्यास जोडला. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत होईपर्यंत कराचीचा कारभार मुंबईहून चाले. शिक्षण, महसूल, रेल्वे व बंदर या खात्यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे कराचीत स्थायिक झाली. १८५५ मध्ये स्थापन झालेली कराचीतील जुनी सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने आजही ओळखली जाते. या दोन शहरांतील दळणवळण मुख्यतः आगबोटीने होई. खुष्कीने जाणाऱ्यास अहमदाबाद, मारवाड व सिंधमधील हैदराबाद असा मोठा वळसा पडे आणि वाटेत रुंदमापी व मीटरमापी लोहमार्गांमुळे गाडी बदलावी लागे.

कराचीचे महत्त्व विमानामुळे एकाएकी वाढले. यूरोपातून पूर्वेकडे येणाऱ्या विमानास इराणी आखात व मकरानचा किनारा ओलांडल्यावर लागणारे पहिले मोठे शहर ते होते. शिवाय तेथील हवा कोरडी, आकाश बहुधा निरभ्र आणि जमीन सपाट होती. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन–कराची सेवा सुरू केली. हा प्रवास सात दिवसांचा होता व तो सबंध हवेतूनही होत नसे : क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमान, तेथून जेनोआपर्यंत आगगाडी, भूमध्य समुद्रावर सागरी विमान आणि अलेक्झांड्रियापासून पुन्हा जमिनीवरून उडणारे विमान, असे त्याचे टप्पे होते. आगगाडीचा तुकडा मध्ये घालावा लागला, तो सरकारांच्या परवानगीच्या अडचणींमुळे. इराणच्या किनाऱ्यावरून जाण्याची मुभा संपताच १९३२ मध्ये हा मार्ग आखाताच्या अरबी बाजूस हलवावा लागला व शारजा हा मुक्कामाचा थांबा झाला. हवाई मार्ग हवेपेक्षा परवानगीवर अधिक चालतो, हे त्या काळीच दिसून आले होते.

कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे वायुजहाजांसाठी एक प्रचंड विमानघरही बांधण्यात आले. इंग्लंडहून आर-१०१ हे वायुजहाज तेथे येणार होते. परंतु ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हे या गावानजीक ते कोसळून पेटले व ४८ जण मृत्युमुखी पडले. ब्रिटनने त्यानंतर वायुजहाजांचा नाद सोडला. कराचीतील ते विमानघर वायुजहाज न पाहताच अनेक वर्षे उभे होते.

याच सुमारास आगाखान यांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांदरम्यान एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयास पारितोषिक जाहीर केले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे व ॲस्पी एंजिनियर इंग्लंडहून कराचीकडे निघाले. ईजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली, तेव्हा एंजिनियर यांचे विमान ठिणगी-गुडदीअभावी (स्पार्क प्लगअभावी) अडकून पडले होते. टाटांनी जवळची जादा गुडदी त्यांना दिली. एंजिनियर मे १९३० मध्ये कराचीस पोहोचले आणि त्यांनी पारितोषिक मिळविले. ते पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

इंपीरियल एअरवेजचे टपाल कराचीत उतरल्यावर मुंबई व दक्षिण हिंदुस्थानासाठी असलेल्या पत्रांना पुढे आगगाडीनेच जावे लागे व हवेतून वाचविलेला वेळ जमिनीवर खर्ची पडे. ही उणीव नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिकाच्या ध्यानात आली. कराचीहून अहमदाबाद, मुंबई व बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेण्याची योजना त्याने जे. आर. डी. टाटा यांच्यापुढे मांडली. सरकारशी वाटाघाटी लांबल्या. अखेर अनुदानाची मागणी सोडून देऊन, नेलेल्या टपालावर मोबदला घेण्याच्या अटीवर टाटांना हे काम मिळाले. भांडवल म्हणून दोन पुस मॉथ विमाने होती. लाकूड, कापड व पोलादी नळ्या यांनी बनविलेले हे एका एंजिनाचे विमान ताशी सु. १६० किमी. वेगाने उडे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास टाटा ड्रिग रोडहून एकटेच निघाले. बरोबर सु. २५ किग्रॅ. टपाल होते. अहमदाबादेस बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतील पेट्रोल टाकीत भरण्यात आले आणि दुपारी दोनच्या आत विमान जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून व्हिन्सेंटने टपाल मद्रासकडे नेले. अहमदाबादमार्गे हे अंतर सु. १,०३० किमी. होते, म्हणजे सरळ रेषेपेक्षा सु. १५० किमी. अधिक. तो वळसा गैरसोयीचा नव्हता, आवश्यक होता. पुस मॉथला मध्ये इंधन घेतल्यावाचून एवढा पल्ला गाठणे अवघड होते, आणि एकाच एंजिनावर खुला समुद्र ओलांडण्यापेक्षा खाली जमीन असणे केव्हाही बरे. थांबा धरून सव्वासात तास लागलेला हा प्रवास त्या काळच्या मानाने विलक्षण वेगवान होता.

जुहूचे मैदान १९२८ पासून वापरात असले, तरी ते भरतीच्या पातळीवरची चिखलाची जमीन होती. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई व टाटांचा सारा पसारा पुण्यास हलवावा लागे. या काळात मुंबईच्या वेळापत्रकात पुणे हाच थांबा असे. विमानात रेडिओ नव्हता, वाट दाखविणारे दिवे नव्हते. खालचे लोहमार्ग, नद्या व किनारा पाहून वैमानिक दिशा ठरवीत. अशा स्थितीतही ही सेवा नियमितपणाबद्दल नावाजली गेली. १९३८ मध्ये साम्राज्यांतर्गत टपाल विमानाने नेण्याची योजना लागू झाल्यावर टपालाचे वजन कितीतरी पटींनी वाढले; कराची–मुंबई–मद्रास–कोलंबो असा लांबलेला मार्ग अधिक मोठ्या विमानांनी चालविला जाऊ लागला. टाटांची ही कंपनी १९४६ मध्ये ‘एअर-इंडिया’ झाली. आज ‘एअर इंडिया’चा इतिहास लिहिताना पहिले पान कराचीच्या धावपट्टीवरून सुरू होते, ही गोष्ट सहसा एखाद्या ओळीत आटोपली जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर डकोटा (डीसी-३) विमाने स्वस्तात उपलब्ध झाली व प्रवास सु. साडेतीन तासांवर आला. जुहूची जागा सांताक्रूझने घेतली. नेमक्या याच वेळी फाळणी झाली. १४ ऑगस्ट १९४७ रोजी कराची पाकिस्तानची राजधानी बनली व देशांतर्गत असलेला हा मार्ग आंतरराष्ट्रीय झाला. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत उसळलेल्या दंगलीनंतर सिंधी हिंदूंचे स्थलांतर वेगाने वाढले. त्यांतील बहुसंख्य लोक आगबोटींनी मुंबई, ओखा व पोरबंदर येथे उतरले. ज्यांना परवडले ते विमानाने आले. मुंबईजवळच्या कल्याण येथील लष्करी छावणीत अनेकांची सोय करण्यात आली व तेथेच १९४९ मध्ये उल्हासनगर वसले. या लोकांच्या दृष्टीने कराची हे तीन-साडेतीन तासांवरचे गाव होते, फक्त तेथे परत जाता येत नव्हते.

जून १९४८ मध्ये भारत व पाकिस्तान यांनी विमानसेवांबाबत द्विपक्षीय करार केला. त्याआधी १९४४ च्या शिकागो संकेताने प्रत्येक राज्याचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले होते. त्यासोबतच्या संक्रमण करारान्वये नियमित विमानसेवांना परस्परांच्या प्रदेशावरून जाण्याची व तांत्रिक कारणासाठी उतरण्याची मुभा होती. दोन्ही देश या व्यवस्थेचे सदस्य होते. पुढील सतरा वर्षांत मुंबई–कराची सेवा बऱ्यापैकी सुरळीत चालली. नातलगांना भेटणारे लोक, व्यापारी, क्रिकेटचे संघ व चित्रपटव्यवसायातील मंडळी यांचा तीवर राबता असे. टर्बोप्रॉप व पाठोपाठ जेट विमाने आल्यावर प्रवास दोन तासांच्या आत आला. तंत्रदृष्ट्या हा मार्ग तेव्हाच परिपूर्ण झाला होता. त्यानंतरच्या वेगवाढीला या मार्गावर फारसा वाव उरला नाही.

सप्टेंबर १९६५ च्या युद्धाने सेवा बंद पडली. १९ सप्टेंबर रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे छोटे बीचक्राफ्ट विमान मिठापूरहून कच्छकडे जात असता पाकिस्तानी लढाऊ विमानाने ते सुथरी या गावाजवळ पाडले. मेहता व त्यांच्या पत्नींसह विमानातील आठही जण ठार झाले. हे ठिकाण मुंबई–कराची सरळ रेषेच्या अगदी जवळ आहे. विमान चालवीत होते जहांगीर एंजिनियर, म्हणजे १९३० मध्ये कराचीस विजयी होऊन उतरलेल्या ॲस्पी एंजिनियर यांचे बंधू. नागरी विमानावर गोळीबार करणाऱ्या पाकिस्तानी वैमानिकाने ४६ वर्षांनी, २०११ मध्ये, जहांगीर यांच्या कन्येस पत्र पाठवून खेद व्यक्त केला; तिनेही त्यास कटुता न ठेवता उत्तर दिले.

ताश्कंद करारानंतर फेब्रुवारी १९६६ मध्ये एकमेकांच्या प्रदेशावरून उड्डाण करण्याची मुभा परत मिळाली, पण पूर्वीची घडी पुन्हा नीट बसली नाही. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूस जाणारे ‘गंगा’ हे भारतीय विमान पळवून लाहोरला नेण्यात आले व तेथे ते जाळले गेले. भारताने ४ फेब्रुवारीपासून पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशात बंदी केली. तिचा सर्वांत मोठा परिणाम कराची–डाक्का मार्गावर झाला. सु. २,३७० किमी. चा तो प्रवास श्रीलंकेला वळसा घालून करावा लागल्याने अंतर जवळजवळ दुप्पट झाले. पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या परिषदेकडे दाद मागितली. परिषदेला हा वाद ऐकण्याचा अधिकारच नाही, कारण १९६५ नंतर मूळ करार पुनरुज्जीवित झाले नव्हते, असे भारताचे म्हणणे होते. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १८ ऑगस्ट १९७२ रोजी भारताचे अपील फेटाळून परिषदेचा अधिकार मान्य केला. आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक कायद्यात हा निर्णय आजही उद्‌धृत केला जातो. मात्र तो लागेपर्यंत युद्ध होऊन गेले होते आणि डाक्का ही बांगला देशाची राजधानी झाली होती.

१९७६ मध्ये उभय देशांनी राजनैतिक संबंध, रेल्वे व विमानसेवा पुन्हा सुरू केल्या व मुंबई–कराची मार्ग खुला झाला. याच खुल्या काळात, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाचा सुवर्णमहोत्सव म्हणून ७८ वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून कराची–जुहू हा प्रवास एकट्याने पुन्हा केला. पन्नास वर्षांपूर्वी ते एकाच इलाख्यातील एका शहरातून दुसऱ्या शहरात आले होते. या खेपेस त्यांना परराष्ट्रातून यावे लागले.

विमाने चालू असली, तरी प्रवास करणे क्रमाक्रमाने अवघड होत गेले. कराचीतील भारताचा वाणिज्य दूतावास १९९४ च्या अखेरीस बंद झाला. तेव्हापासून कराचीच्या रहिवाशास मुंबईच्या प्रवेशपत्रासाठी मुंबईहूनही दूर असलेल्या इस्लामाबादशी व्यवहार करणे भाग पडले. सिंधमधून आलेल्यांची व मुंबई-गुजरातहून तिकडे गेलेल्यांची दुसरी-तिसरी पिढी तेव्हा मोठी होत होती. विवाह, आजारपण व मृत्यू यांच्या बातम्या वेळेवर कळत, पण माणसे वेळेवर पोहोचत नसत. प्रवासकालाचा विचार करताना केवळ उड्डाणाचा वेळ मोजण्याची रूढी आहे. परवान्यासाठी घालवावे लागणारे आठवडे त्यात धरले, तर १९३२ च्या पुस मॉथने केलेला प्रवास कितीतरी जलद ठरेल.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर झालेल्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना बंदी घातली. ती बरोबर दोन वर्षांनी, १ जानेवारी २००४ रोजी, उठली. यानंतरच्या काळात प्रवासी घटत गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. हल्लेखोर कराचीहून समुद्रमार्गे आले होते. भारतीय कंपन्यांनी या मार्गावरून अंग काढून घेतल्यावर पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सची मोजकी विमाने तेवढी ये-जा करीत राहिली व २०२० पूर्वीच तीही थांबली. सेवा बंद करण्यासाठी कोणाला स्वतंत्र हुकूम काढावा लागला नाही, हे या खेपेचे वैशिष्ट्य होय.

वरून जाण्याचा प्रश्न मात्र वारंवार उद्‌भवला. बालाकोट येथील हवाई कारवाईनंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी आपले आकाश मिटले व भारताकडून येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांसाठी ते १६ जुलैपर्यंत बंद राहिले. एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत सु. ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे राज्यसभेत सांगण्यात आले. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना याची मोठी झळ लागली. मुंबईची बरीच विमाने मुळातच समुद्रावरून जात असल्याने मुंबईस ती तुलनेने कमी जाणवली. पहलगाम येथील हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा बंदी केली व ३० एप्रिल रोजी भारतानेही पाकिस्तानी विमानांना तसेच प्रत्युत्तर दिले.

अशा बंदीच्या काळातही दोन्ही शहरांतील हवाई वाहतूक नियंत्रकांचा संबंध तुटत नाही. मुंबई व कराची यांची उड्डाण माहिती क्षेत्रे अरबी समुद्रावर एकमेकांस लागून आहेत आणि तिसऱ्या देशांच्या विमानांची उंची, वेग व सीमेवर पोहोचण्याची वेळ एका केंद्राने दुसऱ्यास कळवावीच लागते. प्रवाशासाठी मात्र थेट सेवेअभावी सर्वसाधारण मार्ग दुबईवरून जातो : मुंबई–दुबई सु. १,९३० किमी. व दुबई–कराची सु. १,१९० किमी., मिळून सु. ३,१२० किमी., म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीनपट. प्रत्यक्ष उड्डाणाचे सु. पाच तास व दुबईतील थांबा धरता या प्रवासास सव्वासात तासांहून कमी वेळ क्वचितच लागतो.